पोटात दुर्बीण कशासाठी? मुलांच्या एंडोस्कोपीबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलांच्या एंडोस्कोपीबद्दल नाशिक शहर आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. उत्तरे बालपोटविकार आणि भूलशास्त्रातल्या डॉक्टरांनी मिळून दिली आहेत. तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात पाहतात ती एंडोस्कोपी. शीच्या जागेवाटे मोठे आतडे पाहतात ती कोलोनोस्कोपी.

मुलगी ९ वर्षांची आहे. आठ-दहा महिन्यांपासून बेंबीभोवती दुखतं म्हणते, बहुतेक सकाळी शाळेच्या वेळेला. सोनोग्राफीत पोटात गाठी आल्या. घरचे म्हणतात, एकदाची दुर्बीण टाकून सोक्षमोक्ष लावा. लावावा का?
— एक आई, सिडको

तुम्ही लिहिले आहे त्यावरून तरी आत्ता नको. आधी गाठींचे बघू. मुलांच्या आतड्याभोवती बारीक लसिका ग्रंथी असतातच आणि हल्लीच्या सोनोग्राफी मशीनवर त्या स्पष्ट दिसतात. ८-१० मिलिमीटरपर्यंतच्या, एकमेकींना न चिकटलेल्या ग्रंथी हा आजार नाही. तेवढ्यावरून अँटिबायोटिकचे कोर्स, नाहीतर थेट टीबीची औषधे सुरू झालेली मुले पाहण्यात येतात. तसे होऊ देऊ नका.

शाळकरी मुलांत बेंबीभोवतीचे जुने दुखणे बहुतेक वेळा आतड्याच्या वाढलेल्या संवेदनेमुळे असते. दुखणे खरे असते, मूल नाटक करत नसते, पण आतड्याच्या अस्तरावर दुर्बिणीला दिसेल असे काही नसते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे साठलेली शी. ‘रोज जाते’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. शी कडक आहे का, खडे पडतात का, संडासात किती वेळ बसते, हे आठवडाभर लिहून ठेवा. शाळेतल्या संडासाच्या भीतीने दिवसभर दाबून ठेवणारी मुले कमी नाहीत.

मग दुर्बिणीचा विचार कधी? वजन घटते आहे किंवा उंची थांबली आहे, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते, शीतून रक्त जाते, गिळताना अडकते, पुन्हा पुन्हा उलट्या होतात, तोंडात वारंवार फोड येतात, कारण न सापडलेला ताप किंवा सांधेदुखी आहे, शीच्या जागेजवळ फोड किंवा भगेंद्र आहे, घरात कुणाला सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) किंवा आतड्याचा दाह आहे. दुखणे बेंबीपासून दूर, एकाच जागी, विशेषतः उजव्या बाजूला टिकून असेल तरी चौकशी वाढवावी लागते. उलटी हिरवी असेल तर मात्र दुर्बिणीआधी आतड्याला पीळ किंवा अडथळा आहे का ते बघतात, आणि तेही त्याच दिवशी. यातले काही नसेल, रक्ताची साधी तपासणी, अंगातला दाह दाखवणारी सीआरपी, सिलिअॅकची टीटीजी चाचणी आणि शीची तपासणी ठीक असेल, तर दुर्बिणीतून हाती फारसे लागत नाही.

‘सोक्षमोक्ष’ या कल्पनेबद्दल एक सांगायला हवे. दुर्बीण नॉर्मल आली की घरचे निश्चिंत होतात असे नाही, बरेचदा सीटी स्कॅनची मागणी पुढे येते. आणि जठरात एच. पायलोरी जंतू सापडला तर तेच कारण असेल असेही नाही. आपल्याकडे कितीतरी मुलांच्या पोटात तो काही त्रास न देता असतो. म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना विचारा: दुर्बिणीतून नेमके काय शोधायचे आहे, आणि ते सापडले किंवा नाही सापडले तर उपचार काय बदलेल?

मुलगा ४ वर्षांचा. शी झाल्यावर शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडतात. दुखत नाही, खेळतो-खातो. मूळव्याध म्हणून तीन महिने औषध चालू आहे.
— वडील, सिन्नर

या वयात मूळव्याध जवळजवळ नसते. लहान मुलाच्या शीतून लाल रक्ताची मोठी कारणे दोन. कडक शीने पडलेली चीर, जिच्यात मूल शी करताना रडते. आणि ज्युवेनाईल पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर देठाला लोंबणारी गाठ, जिच्यात अजिबात दुखत नाही. २ ते १० या वयात, दुखण्याशिवाय, अधूनमधून, तब्येत ठणठणीत असताना रक्त, हे वर्णन पॉलिपचे आहे. कधी शीच्या वेळी चेरीसारखा लाल गोळा बाहेर डोकावतो आणि घरचे त्याला ‘अंग बाहेर आले’ समजतात.

आधी बोटाने तपासणी. गाठ खाली असेल तर ती तिथेच लागते. पुढे कोलोनोस्कोपी, आणि याच वेळी देठाभोवती तारेचा फास टाकून, विजेने भाजून गाठ काढतात. म्हणजे तपासणी आणि उपचार एकाच भुलेत. पॉलिप बहुतेकदा शेवटच्या भागात असतो, तरी पूर्ण मोठे आतडे पाहून घ्यावे, कारण वर दुसरा निघू शकतो. एकच निघाला आणि पॅथॉलॉजीत ‘ज्युवेनाईल’ आला तर विषय संपला. ही गाठ कर्करोगाची नसते. पाच किंवा जास्त निघाले तर तो पॉलिपोसिस, त्यात ठरावीक काळाने पुन्हा तपासणी आणि भावंडांचीही चौकशी लागते. म्हणून काढलेली गाठ तपासायला गेली का आणि एकूण किती होत्या, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

गाठ काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत उशिरा रक्तस्राव होऊ शकतो. त्या काळात लांबचा प्रवास टाळा, तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या.

कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशीची पावडर मुलगा ओकून टाकतो. वजन १५ किलो. कमी पाजली तर चालेल का?
— आई, अंबड

नाही चालणार. आतडे स्वच्छ नसेल तर आख्खी तपासणी वाया जाते आणि भूल पुन्हा द्यावी लागते. कोलोनोस्कोपी फसण्याचे सगळ्यात साधे कारण हेच.

या पावडरचे, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे, मोठे पाकीट साधारण २ लिटर पाण्यात कालवायचे असते. पाकिटावर लिहिले आहे तितकेच पाणी घ्या. दाट केले तर गुण कमी येतो आणि अंगातले पाणी-क्षार बिघडतात. साखर किंवा सरबत त्यात मिसळू नका. मात्रा वजनावर ठरते: बहुधा किलोमागे एकूण ५० ते १०० मिली, म्हणजे तुमच्या मुलाला पाऊण ते दीड लिटर. तासाला किलोमागे २५ मिलीच्या वर जाऊ नये. नक्की आकडा तुमच्या डॉक्टरांचा. फ्रिजमध्ये गार करा, स्ट्रॉने द्या, दर पाच-दहा मिनिटांनी थोडे, आणि घोटानंतर गाळलेले लिंबूपाणी. ओकला तर अर्धा तास थांबून सावकाश पुन्हा. तरीही जात नसेल तर रुग्णालयात नाकातून बारीक नळी घालून देतात. ऐकायला वाईट वाटते, पण रात्रभराच्या कुस्तीपेक्षा मुलाला ते सोसते.

दोन दिवस आधीपासून डाळिंब, पेरू, द्राक्षे, टोमॅटो, काकडी बंद. बिया आणि साली दुर्बिणीच्या नळीत अडकतात. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक: शहाळ्याचे पाणी, साखरपाणी, गाळलेले मोसंबीचे पाणी. दूध आणि पेज चालत नाही. लाल-जांभळे सरबतही नको, आत ते रक्तासारखे दिसते. लोहाचे औषध चालू असेल तर सुमारे आठवडाभर आधी थांबवायचे का ते विचारा, त्याने शी काळी चिकट होते. शेवटी फिकट पिवळे, लघवीसारखे पाणी आले की तयारी झाली. ढगाळ किंवा तपकिरी येत असेल तर सकाळी निघण्याआधीच फोन करून कळवा. जागा सोलवटू नये म्हणून सुरुवातीपासून व्हॅसलीन लावत राहा. फॉस्फेटचा एनिमा घरी मनाने देऊ नका; लहान मुलांत तो धोक्याचा आहे.

नाणे गिळल्यावर केळी खाऊ घालतात. तशी बटणासारखा सेल गिळला तरी वाट पाहायची का? आमच्या गावाहून नाशिकला पोचायला दोन तास लागतात.
— अंगणवाडी सेविका, बागलाण

बटण सेलमध्ये वाट पाहायची नाही. सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे दोन बाजूंमध्ये वीजप्रवाह सुरू होतो आणि निगेटिव्ह बाजूला अल्कली तयार होऊन भिंत भाजते. दोन तासांत खोल इजा होऊ शकते. त्यासाठी सेल फुटून गळावा लागत नाही. रिमोट चालत नाही म्हणून काढून ठेवलेल्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही भाजण्यापुरती वीज उरते. सर्वांत घातक २० मिलिमीटरचे लिथियम सेल, सीआर २०३२ नावाचे, कारण ते लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमके अडकतात. ते गाडीच्या रिमोट किल्लीत, वजनकाट्यात आणि दिवाळीच्या एलईडी पणत्यांतही असतात.

करायचे असे. मूल १ वर्षापेक्षा मोठे असेल, सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चमचे, म्हणजे १० मिली मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने भाजण्याचा वेग कमी होतो. मध आणायला मात्र थांबू नका. वर्षाखालच्या बाळाला मध नाही. दुसरे काही खाऊ-पिऊ घालू नका, उलटी काढू नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मानेपासून ओटीपोटापर्यंत एक्स-रे, समोरून आणि बाजूने. सेलच्या कडेला दुहेरी कडे दिसते, बाजूने पाहिले तर पायरी दिसते. नाण्याला दोन्ही नसतात. शंका असेल तर सेलच समजा. पुढच्या रुग्णालयाला निघण्याआधीच फोन करून दुर्बीण आणि भूलतज्ज्ञ दोन्ही तयार ठेवायला सांगा. तिथे पोचल्यावर शोधाशोध सुरू झाली तर प्रवासात वाचवलेला वेळ जातो. १०८ला फोन करतानाही ‘सेल अडकला आहे’ असे स्पष्ट सांगा.

सेल काढला म्हणजे संपले असे नाही. जळालेली भिंत पुढचे काही आठवडे कमकुवत असते. या काळात थोडीशी जरी रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तर तातडीने रुग्णालय. सेल जठरात उतरला असेल तर वय, आकार आणि लक्षणे पाहून काढायचा की वाट पाहायची ते ठरते.

नाण्याचे गणित वेगळे. अन्ननलिकेत अडकले पण मूल आरामात आहे, तर २४ तासांच्या आत काढतात. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, श्वासाला त्रास असेल तर लगेच. जठरात गेलेले नाणे बहुतेकदा दोन-चार आठवड्यांत आपोआप पडते. दहा रुपयांचे मात्र २७ मिलिमीटरचे असते, ते लहान मुलाच्या जठराच्या दारात अडू शकते. केळी कधीच नको: नाणे ढकलले जात नाही, पोट मात्र भरते आणि भूल देणे धोक्याचे होते.

आणि चुंबक. दोन किंवा जास्त छोटे चुंबक गिळले तर आतड्याचे दोन पदर त्यांच्यामध्ये दाबून भोक पडते. मूल हसत-खेळत असले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नातवाने कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेले संडासचे अॅसिड प्यायले होते. त्याला तीन आठवडे झाले. तोंडातले भरले, पण आता भाकरी अडकते, दूध जाते.
— आजोबा, दिंडोरी

भाजलेली अन्ननलिका भरताना आवळली आहे असे दिसते. आता बेरियमचा किंवा दुसऱ्या औषधाचा घोट देऊन एक्स-रे काढतात, म्हणजे आवळलेला भाग किती लांब आहे ते कळते. मग दुर्बिणीतून फुगा किंवा सळई घालून रुंद करतात. हे एकदा करून भागत नाही; दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावे लागते आणि मध्ये खंड पडला की पुन्हा आवळते. तोवर वजन टिकेल असे पातळ अन्न द्या. पाणीही जाईना झाले तर थांबू नका.

घरोघरी उपयोगी पडेल म्हणून: अॅसिड किंवा कॉस्टिक प्यायल्यावर उलटी काढायची नाही, लिंबू-सोडा देऊन ‘मारायचे’ नाही. तोंड धुवायचे, बाटली बरोबर घ्यायची आणि निघायचे. त्रास असेल तर पहिल्या २४ तासांत दुर्बीण घालून इजा किती खोल आहे ते पाहतात. तोंडात काही दिसत नाही म्हणून आत भाजले नसेल असे धरता येत नाही. दोन दिवसांनंतर भिंत मऊ पडते, तेव्हा दुर्बीण घालण्यात फाटण्याचा धोका असतो.

माझ्या वर्गात ७ वर्षांची मुलगी आहे. उंची खुंटलेली, हिमोग्लोबिन ७. लोहाचे औषध सहा महिने घेऊनही वाढत नाही. डॉक्टर एंडोस्कोपी म्हणतात. अशक्तपणाला दुर्बीण कशाला?
— शिक्षक, सुरगाणा

लोह पोटात जाते पण रक्तात उतरत नाही, असे त्यांना वाटते आहे. आधी सोप्या गोष्टी झाल्या का बघा: औषध खरोखर रोज घेतले का, जंताचे औषध दिले का, आणि तुमच्या भागात सिकलसेलसाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची तपासणी झाली का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला शाळेत येतील तेव्हा मुलगी दाखवा.

यानंतरचा संशय सिलिअॅकचा. यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरावरचे बारीक अंकुर झडतात आणि लोह शोषले जात नाही. जुलाब असतीलच असे नाही. रक्तात टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए तपासतात. वाढलेले निघाले तर दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेतात: ड्युओडेनमच्या (याच सुरुवातीच्या भागाच्या) पुढच्या टोकाकडून किमान चार आणि जठराला लागून असलेल्या फुगीर भागातून एक-दोन. झड सगळीकडे सारखी नसते, म्हणून एका तुकड्यावर भागत नाही. अस्तराला टोचल्याची जाणीव नसल्याने तुकडा घेताना दुखत नाही. टीटीजी मर्यादेच्या १० पट असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही सिलिअॅकची दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर तुकड्यावाचून निदान मानण्याची युरोपीय पद्धत आहे. आपल्याकडे बरेच तज्ज्ञ तरीही तुकडा घेतात, कारण पथ्य जन्मभराचे आहे.

तुमच्या भागात एक अडचण हमखास येते. घरी नागली आणि भात, गहू क्वचित. पोटात ग्लुटेनच नसेल तर रक्त आणि तुकडा दोन्ही खोटे नॉर्मल येऊ शकतात. तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज दोन वेळच्या जेवणात पोळी असावी. आणि उलट चूक त्याहून जास्त होते: रक्ताचा रिपोर्ट पाहून कुणीतरी गहू बंद करते, तब्येत सुधारते, मग निदान पक्के करायला महिनोन्महिने जातात. दुर्बीण होईपर्यंत गहू बंद करू नका. निदान झाल्यावर नागली, बाजरी, ज्वारी, तांदूळ सगळे चालते. बांधणीच्या हिंगात मात्र मैदा असतो.

१३ वर्षांच्या मुलाला चार महिने जुलाब, ताप, वजन घटते आहे. आतड्याची टीबी असेल तर औषध सुरू करायचे, कोलोनोस्कोपीत वेळ का घालवायचा?
— काका, मालेगाव

कारण टीबी आणि क्रोन्स आजार (आतड्याचा जुनाट दाह) लहान आतड्याच्या शेवटी एकाच जागी बसतात आणि सारखे दिसतात. क्रोन्सला लागणारी स्टेरॉईड टीबीच्या मुलाला दिली तर टीबी पसरतो. टीबीची औषधे क्रोन्सच्या मुलाला दिली तर महिने वाया जातात आणि उंची जाते ती जातेच. औषध आधी सुरू केले तर तुकड्यातला पुरावाही पुसट होतो.

तुकडे वेगवेगळ्या भागांतून, अनेक घेतात. काही फॉर्मेलीनमध्ये, काही साध्या सलाइनमध्ये. हे तपासून पाहा, कारण फॉर्मेलीनमध्ये जंतू मरतात आणि त्या तुकड्यावर टीबीचे कल्चर होत नाही. सलाइनमधला तुकडा जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) गेला का, एवढे तुम्ही विचारू शकता.

मुलीला सर्दी आहे आणि परवा एंडोस्कोपी. भूल सोसेल का? जागेपणी करता नाही येणार?
— आई, नाशिकरोड

नुसते पाण्यासारखे नाक वाहत असेल तर भूलतज्ज्ञ पाहून ठरवतात. ताप, पिवळा शेंबूड, छातीत घरघर असेल तर किमान दोन आठवडे पुढे ढकला. अडकलेला सेल किंवा रक्ताची उलटी असेल तर ढकलत नाहीत. जागेपणी मूल झटापट करते, त्यात इजा होते आणि नीट दिसतही नाही. म्हणून शिरेतून झोपेचे औषध देतात. दुर्बीण ५ ते १५ मिनिटांत होते.

उपाशी राहण्याचे नियम मोडू नका: जड तेलकट खाल्ले तर ८ तास, हलके अन्न आणि वरचे दूध ६ तास, आईचे दूध ४, साधे पाणी २ तास. ‘थोडा बिस्कीटचा तुकडा दिला’ हे लपवलेत तर भुलेत तो श्वासात जाऊ शकतो. हलणारा दुधाचा दात असेल तर आवर्जून सांगा. दमा, हृदयाचा आजार, रक्त न थांबण्याची सवय, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला असेल तर तेही. नंतर एक-दोन दिवस घसा खवखवतो, पोटात गॅस होतो. पोट ताठ होणे, सतत वाढते दुखणे, ताप, वारंवार उलटी, चमचाभरापेक्षा जास्त रक्त, गळ्याला सूज, यांतले काही झाले तर रात्र असली तरी फोन करा.

कॅप्सूल गिळून फोटो निघतात म्हणे. मग मुलाला दुर्बीण कशाला? आणि खर्चाचे काय?
— वाचक, गंगापूर रोड

कॅप्सूल फोटो काढते. तुकडा घेत नाही, गाठ कापत नाही, नाणे उचलत नाही. दुर्बीण दोन्हीकडून पोचत नाही त्या मधल्या लहान आतड्यासाठी ती उपयोगी. आतडे कुठे आवळलेले असेल तर ती तिथेच अडकते, म्हणून आधी ती खात्री करावी लागते. खर्चाचे तुम्ही विचारले आहे: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या मुलाचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधी विचारा, शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा.